पंधरा सह्यांचं पाणी

१. कोरडा सूर

अध्यक्ष रोज सकाळी सहाला डोळे मिटून सूर मारायचे. त्यात अध्यात्म वगैरे काही नव्हतं. आपलं पोट पाण्यावर आपटलं की काठावर कोण कोण हसतं, ते त्यांना बघायचं नसायचं.

त्या सोमवारीही त्यांनी दोन्ही हात वर केले, पोट जमेल तेवढं आत घेतलं, टाचा उचलल्या, आणि कोचची शिट्टी वाजली. कोचने आयुष्यात एवढी लांब शिट्टी कधी वाजवली नव्हती. अध्यक्षांनी चिडून डोळे उघडले.

खाली दोन मीटरवर फरशी होती. निळी, चकचकीत, वाळलेली. मधोमध एक रबरी चप्पल, डाव्या पायाची. कडेला केसांच्या चार पिना. बायकांचा तास बंद होऊन दोन महिने झाले तरी त्या पिना तळाला चिकटून बसल्या होत्या. तलाव जागेवर होता, पाणी नव्हतं.

अध्यक्षांच्या मागे कार्यकारिणीचे तेरा सभासद टॉवेल गुंडाळून रांगेत उभे होते. त्यातला एकजण म्हणाला, पाणी चोरीला गेलं. दुसरा म्हणाला, पोलिसांत जाऊ. तिसऱ्याने विचारलं, तक्रारीत काय लिहायचं, साडेपाच लाख लिटर, रंग निळा?

तेवढ्यात पंपवाला आला. हातात व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी सळई, खिशात घडी घातलेला कागद.

"चोरी कसली साहेब," तो म्हणाला. "तुमचाच ठराव आहे. काल संध्याकाळी सोडलं पाणी."

कागदावर 'खरी प्रत' असा शिक्का होता. अध्यक्षांनी कागद लांब धरला, जवळ धरला, शेवटी कोचला वाचायला दिला. कोचने शिट्टी तोंडातून काढून मोठ्यांदा वाचलं:

'शनिवारी सायंकाळी साडेपाच वाजता वरच्या हॉलमध्ये कार्यकारिणीची सभा झाली. हॉलमध्ये एकच पंखा चालत होता व तो आवाज करत होता. दारापासून तिसरी खुर्ची एका पायाने आखूड असल्याचे आढळले. गणसंख्या पूर्ण, पंधरा. तलावातील सर्व पाणी रविवारी सोडून द्यावे व कार्यकारिणीच्या नव्या ठरावाशिवाय ते पुन्हा भरू नये, असे सर्वानुमते ठरले.'

खाली पंधरा सह्या. पहिली, सगळ्यात मोठी, खाली दोन रेघा ओढलेली, अध्यक्षांची.

येत्या रविवारी अध्यक्ष सत्तर पूर्ण करणार होते. त्या दिवशी तलावाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. नाव कोरलेला दगड ऑफिसात चादरीखाली तयार होता. पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती आणि त्यांच्यासमोर अध्यक्ष तलावाची एक लांबी पोहून दाखवणार होते. चप्पल आणि चार पिनांमध्ये ते जमण्यासारखं नव्हतं.

"सही माझी आहे," अध्यक्ष हळूच म्हणाले, "पण मी सभेला नव्हतो."

आणि मागचे तेराही जण, एका सुरात नसले तरी एका दमात, नेमकं हेच म्हणाले.

२. हजेरीबाई

अध्यक्षांची थोरली बहीण छत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाली होती. वर्गात पाठमोरी उभी राहून फळ्यावर लिहिता लिहिता ती हजेरी घ्यायची, आणि सतराव्या नंबरच्या ऐवजी बाविसाव्याने 'हजर' म्हटलं तर खडू न थांबवता दोघांनाही बाकावर उभं करायची. सगळं गाव तिला हजेरीबाई म्हणायचं. घरात ती ताई.

ताई पहिल्याच हाकेला आली, याचं अध्यक्षांना नवल वाटलं. कारण ताईच्या शाळेतल्या निरोप समारंभाला ते गेले नव्हते. सभा होती म्हणून त्यांनी फुलांचा गुच्छ पाठवला होता. ताईने त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं. चौदा वर्षं काढलं नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, कुणी केलं ते शोध, सापडला की त्याला त्याच खड्ड्यात उलटा टांगतो. ताईने साधा प्रश्न विचारला. सभा झालीच नव्हती तर ठराव खोटा म्हणून जाहीर करायचा आणि पाणी भरायचं. अडलंय कुठे?

अध्यक्षांनी खोलीचं दार लावून घेतलं. मग तुकड्यातुकड्यांनी जे बाहेर आलं ते असं.

कार्यकारिणी वीस जणांची. तलाव बांधणाऱ्या जुन्या लोकांनी कोरम पंधराचा ठेवला होता, कारण त्या काळी माणसं सभेला येत असत. वीसपैकी दोघे मुलांकडे दूरदेशी गेले, दोघांनी अंथरूण धरलं, आणि एक वारला. त्याचं नाव यादीतून काढायला ठराव लागतो, आणि ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. म्हणजे उरले बरोबर पंधरा. एकही कमी पडून चालत नाही. पण पंधरा माणसं एका वेळी जिना चढून वर येणार कशी? कुणाचे गुडघे, कुणाची मॅच, कुणाची सासुरवाडी.

म्हणून पंधरा वर्षांपूर्वी एक सोय झाली. अध्यक्ष ठरावाचा कच्चा मजकूर पाकिटात घालून ऑफिसच्या दारावरच्या पेटीत टाकतात. चिटणीस तो ठराववहीत उतरवून काढतो. सोमवारी सकाळी तो वही घेऊन काठावर येतो, चौदा सह्या तिथेच होतात. पंधरावी समोरच्या चष्म्याच्या दुकानात. मग फळ्यावर सूचना लागते की शनिवारी सभा आहे.

"म्हणजे इतिवृत्त सोमवारी आणि सभा शनिवारी," ताई म्हणाली.

"शनिवारी काही नसतं. शनिवारी जो तो आपल्या घरी."

"मग हा एक ठराव खोटा म्हटलास तर…"

"सगळेच खोटे. मी तहहयात अध्यक्ष आहे, तोसुद्धा."

ताईने चष्मा पुसला. म्हणजे चोर पकडायचा, पण चोरी झाली असं म्हणायचं नाही. वर्गातही एक असा होता, तिला आठवलं. त्याचा डबा कुणीतरी खायचं, पण तक्रार करता यायची नाही, कारण तो डबा मुळात त्याने दुसऱ्याचा ढापलेला असायचा.

तिने वरच्या हॉलची किल्ली मागितली. अध्यक्षांनी सगळे ड्रॉवर उपसले. किल्ली कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. ताई तरीही वर गेली आणि दाराला हात लावला. दाराला कुलूप नव्हतंच.

३. तीन पायांचा सभासद

हॉलमध्ये वीस खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. ताई प्रत्येक खुर्चीसमोर थांबत गेली, जणू नंबर पुकारत होती. दारापासून तिसरीपाशी तिचं बोट रेंगाळलं. या खुर्चीवरही धूळ होती, पण पातळ, दोनेक महिन्यांची. बाकीच्या खुर्च्यांवर सगळी जुनी, वर्षानुवर्षांची.

कुणीतरी ही एकच खुर्ची पुसून तिच्यावर बसलं होतं.

ताई स्वतः बसून बघायला गेली आणि डावीकडे कलंडली. एक पाय आखूड. तिने बटण दाबलं. तीन पंख्यांतला एक फिरायला लागला, तोही असा आवाज करत, की जणू त्याला जिना चढून यावं लागलंय.

ठरावातला मजकूर तिला पाठ होता. पंधरा वर्षांचे ठराव तिने सकाळीच चाळले होते. त्यात कुठेही पंखा नव्हता, खुर्ची नव्हती. खोटी सभा लिहिणाऱ्याला हॉल कसा दिसतो हे कशाला लिहायला हवं? तो इथे आलेलाच नसतो. हा मजकूर लिहिणारा मात्र इथे आला होता, बसला होता, बराच वेळ बसला होता. आखूड पाय लगेच कळतो, पण तो वहीत लिहावासा वाटायला बूड दुखावं लागतं.

मग तिने खाली बघितलं. दारापासून खुर्चीपर्यंत धुळीत पावलांच्या जुन्या, अंधुक खुणा होत्या, आणि प्रत्येक पावलांच्या जोडीशेजारी एक गोल ठिपका. रुपयाएवढा. पाऊल, पाऊल, ठिपका.

ताई खिडकीशी गेली. खाली चिटणीस ऑफिसकडे चालला होता, लख्ख उन्हात मिटलेली छत्री टेकत. कोच काठावर उभा होता, बुडणाऱ्याला ओढायचा लांब बांबू टेकून. पंपवाला सळई टेकून त्याच्याशी बोलत होता. आणि रस्त्यापलीकडे, आपल्या दुकानाची पाटी पुसून आत वळताना, चष्मेवाली काठी टेकत होती.

काय ही संस्था, ताईला वाटलं. एकही माणूस दोन पायांवर उभा नाही.

वळताना तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. ती थांबली. आणि निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा, खोड्याळ मूल सापडल्यावर हसायची तशी हसली.

४. एकच प्रश्न

ताईने सगळ्यांना हवं ते बोलू दिलं आणि शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला.

आधी चिटणीस. या गृहस्थाने एकोणीस वर्षांत तलावात पाऊल टाकलं नव्हतं. शिंतोडे उडतात म्हणून छत्री. अक्षर मात्र छापल्यासारखं. ठराव त्याच्याच अक्षरात होता आणि तो नाकारतही नव्हता. गेल्या आठवड्यात पेटीत एकाऐवजी दोन पाकिटं निघाली. वरचं त्याने उतरवून काढलं, खालचं पुढच्या सोमवारसाठी ठेवलं. खालच्यात तलावाच्या नामकरणाचा ठराव होता, हे त्याला आज कळलं. वरच्यात काय होतं, तेही आजच.

ताईने विचारलं, लिहिताना वाचलं नाहीत?

चिटणीस दुखावला. साहेबांचा मजकूर वाचणं त्याला आगाऊपणा वाटायचा. यावर ताईने ठराववहीतलं जुनं पान त्याच्यापुढे धरलं. ठराव क्रमांक एकेचाळीस: 'दाढीचा साबण, दोन ब्लेड व बटाटे, बटाटे मोठे नकोत.' सर्वानुमते मंजूर. गणसंख्या पंधरा.

"ते पाकीट साहेबांच्या बाईसाहेबांचं होतं," चिटणीस म्हणाला. "चुकून पेटीत पडलं. पण विरोध कुणीच केला नाही."

आणि मग एकदम खालच्या आवाजात त्याने सांगितलं, की साहेब त्याला एकोणीस वर्षं 'ए शाई' म्हणून हाक मारतात. पाणी गेल्याचं त्याला वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं. रात्री झोप मात्र छान लागली.

कोचने काही लपवलं नाही. त्याची लाडकी उडी मारायची फळी अध्यक्षांनी ठराव करून कापून टाकली होती, कारण अध्यक्ष तिच्यावरून एकदा पाठीवर पडले होते. त्या फळीचं आता ऑफिसात बाक झालंय. "खरं सांगू मॅडम? काल सकाळी साहेबांनी हात वर केले ना, तेव्हा मी दोन सेकंद विचार केला. शिट्टी वाजवू की नको." दोन सेकंद म्हणजे पोहण्यात फार असतात, हेही त्याने वर समजावून सांगितलं.

पंपवाल्याची गोष्ट सरळ होती. मागे एकदा शेवाळ आलं म्हणून त्याने आपल्या डोक्याने पाणी बदललं, तर अध्यक्षांनी चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली होती, की ठरावाशिवाय हात लावायचा नाही. त्या दिवसापासून तो ठरावाशिवाय कशालाच हात लावत नव्हता. ठराव आला, पाणी सोडलं. आता भरायचा ठराव आणा, भरतो. दोन दिवस लागतील.

तिघांनाही राग होता. तिघांकडे गोल टोकाची काहीतरी वस्तू होती. आणि तिघांना ताईने विचारलं, "वरच्या हॉलमधलं घड्याळ बरोबर चालतं का हो?"

चिटणीस म्हणाला, पाच मिनिटं पुढे ठेवलंय, मुद्दाम, म्हणजे सभा वेळेवर सुरू होते. कोच म्हणाला, वर हॉल आहे? पंपवाला म्हणाला, बंद पडलं असलं तर दुरुस्तीला ठराव लागेल.

घरी परतल्यावर तिने भावालाही तेच विचारलं. अध्यक्ष म्हणाले, अगदी सेकंदाला बरोबर, मी स्वतः लक्ष ठेवतो.

ताईने चष्म्याचा नंबर वाढल्याचं निमित्त घेतलं, आणि रस्ता ओलांडला.

५. तीन वाजून दहा मिनिटं

चष्मेवालीने तिला बसवलं, डोळ्यांवर जड चौकट चढवली आणि भिंग बदलत विचारू लागली, हे स्पष्ट की हे. या बाईचा कमरेचा सांधा दहा वर्षांपूर्वी मोडला होता आणि नीट जुळला नव्हता. जमिनीवर ती काठीशिवाय चार पावलं टाकू शकत नसे. पाण्यात मात्र काठी लागायची नाही. बायकांच्या तासाला ती सहाला पहिली उतरायची आणि सातला शेवटची निघायची. दिवसातला तेवढाच एक तास ती दोन पायांवर चालायची. दोन महिन्यांपूर्वी तो तास बंद झाला. आता त्या वेळात अध्यक्ष आणि मंडळी डोळे मिटून सूर मारत.

"वरच्या हॉलमधलं घड्याळ बरोबर चालतं का?" ताईने विचारलं.

चष्मेवालीचा हात भिंगावर थांबला. मग तिने ते भिंग काढून जागेवर ठेवलं.

"बंद आहे. तीन वाजून दहा मिनिटं झालीत त्यात. सव्वा तासात मी निदान शंभरदा बघितलं." ती समोरच्या स्टुलावर बसली. "मला वाटलं होतं तुम्ही कालच याल. पंखा लिहिलाय, खुर्ची लिहिलीय. घड्याळही लिहिणार होते, मग म्हटलं, एवढं सोपं नको."

ताईने तिला सांगू दिलं.

दोन महिन्यांपूर्वीच्या एका सोमवारी चिटणीस वही घेऊन दुकानात आला. गिऱ्हाईक होतं, एका हातात फ्रेम होती, दुसऱ्या हाताने तिने सही केली. नेहमीसारखी, न वाचता. गुरुवारी फळ्यावरची सूचना वाचली: शनिवारी साडेपाचला सभा, विषय बायकांचा तास बंद करणे. तिने शनिवारी दुकान लवकर लावलं. तो जिना ती एकेका पायरीवर थांबत चढली. बोलायचं काय ते कागदावर लिहून आणलं होतं. आखूड पायाची खुर्ची रुमालाने पुसली आणि बसली. साडेपाच ते पावणेसात. कुणी आलं नाही. ती उतरली.

सोमवारी ठरावाची प्रत फळ्यावर लागली. सर्वानुमते मंजूर, गणसंख्या पंधरा. पंधरावी सही तिची.

"सभेला त्या दिवशी एकच माणूस हजर होतं," ती म्हणाली, "आणि ते विरोधात होतं. पण वहीत बघाल तर मी माझ्याच विरुद्ध मत दिलंय. माझ्याशिवाय कोरमच झाला नसता, बाई. माझा तास माझ्याच सहीने गेला."

"म्हणून त्यांचं पाणी त्यांच्याच सह्यांनी काढलंत."

"त्यांनी शिकवलं तेवढंच केलं. एक पाकीट, एक पेटी. चिटणीस वाचत नाहीत, हे बटाट्यांवरून सगळ्यांनाच माहीत होतं."

ताईने भावाची बाजू मांडून बघितली. पाण्यातून वर आलेली माणसं, डोळ्यांवर चष्मे नाहीत, समोर वही. न दिसणाऱ्याने सही केली तर त्याला किती दोष द्यायचा?

चष्मेवाली पहिल्यांदा हसली. सह्यांच्या सोमवारी ती सकाळी पावणेसहालाच काठावर गेली होती. चौदा चष्मे गोळा केले, स्क्रू घट्ट केले, काचा पुसल्या, फुकट. आणि चिटणीस वही घेऊन यायच्या आधी एकेकाच्या नाकावर स्वतः बसवले.

"उद्या कुणी म्हणायला नको ना, की दिसलं नाही. सगळ्यांना लख्ख दिसत होतं. तुमच्या भावाने तर सही झाल्यावर मला सांगितलं, क्या बात है, पेनाची शाईसुद्धा दिसायला लागली." तिने ताईच्या डोळ्यांवरची चौकट हलकेच काढून घेतली. "तुमचा नंबर काही वाढलेला नाही. आता जाऊन नाव सांगा त्यांना. त्यासाठीच लिहिलाय पंखा."

६. पंधरावी

ताईने नाव सांगितलं. अध्यक्ष खुर्चीतून ताडकन उठले. म्हणाले, आजच्या आज काढून टाकतो सभासदत्वावरून.

"काढ की. ठराव लागेल."

"करतो."

"पंधरा सह्या लागतील. चौदा आहेत तुझ्याकडे. पंधरावी तिच्याकडूनच घ्यावी लागेल."

अध्यक्ष बसले. जरा वेळाने त्यांनी चिटणीसाला बोलावलं आणि पाणी भरण्याचा ठराव लिहायला लावला. बुधवारी सकाळी कोरड्या काठावर चौदा सह्या झाल्या. चिटणीस रस्ता ओलांडून गेला आणि वही तशीच घेऊन परत आला. चष्मेवालीचा निरोप होता, की सही मी सभेत करते. दुकानात फक्त चष्मे.

अध्यक्षांना मग संस्थेच्या नियमावलीतली एक तळटीप आठवली: कोरम नसेल तर सभा तहकूब करून अर्ध्या तासाने तिथेच घ्यावी, तेव्हा कोरमची अट नाही. चिटणीसाने घसा साफ करून सांगितलं, की तो नियम सहा वर्षांपूर्वी आपणच काढून टाकला. आपल्या पाठीमागे दोनचार जणांनी सभा उरकू नये म्हणून. ठराव सर्वानुमते मंजूर आहे.

रविवारला चार दिवस होते. तलाव भरायला दोन. फळ्यावर सूचना लागली: शुक्रवारी सायंकाळी साडेपाच वाजता वरच्या हॉलमध्ये सभा. एकाने चिटणीसाला हळूच विचारलं, म्हणजे खरोखरची?

७. विषय क्रमांक चार

शुक्रवारी सव्वापाचपासून जिन्यावर कण्हण्याचा आवाज येत होता. पंधरा वर्षांत प्रथमच कार्यकारिणी वर चढत होती. दोघे चुकून अडगळीच्या खोलीत जाऊन बसले, आणि एवढी कमी माणसं कशी म्हणून पुटपुटत राहिले. कोचने त्यांना शोधून आणलं. दाराशी ताई हजेरीची वही घेऊन बसली होती. ती सभासद नव्हती, पण हजेरी कोण घेणार या प्रश्नावर सगळ्यांचं एकमत झालं होतं.

साडेपाचला चौदा जण होते. तिसरी खुर्ची रिकामी.

पावणेसहा वाजले. खिडकीतून समोरचं दुकान दिसत होतं. चष्मेवाली काउंटरवर बसून एक भिंग पुसत होती. सावकाश, गोल गोल, मग उजेडात धरून बघायची, मग पुन्हा. सहा वाजता एकाने, पाच मिनिटांत येतो, असं म्हटलं. अध्यक्षांनी त्याचा शर्ट धरून खाली बसवलं. एक गेला असता तर ती आल्यावर पुन्हा चौदाच राहिले असते. कुणाला खोकायचंही धाडस होईना. पंखा कुरकुरत होता. अध्यक्ष घड्याळाकडे बघायचे, तीन दहा. थोड्या वेळाने बघायचे, तीन दहा. सहा वीसच्या सुमाराला ते ताईला म्हणाले, हे बंद आहे. ताईने मान हलवली. म्हणाली, सेकंदाला बरोबर बंद आहे.

पावणेसातला समोरचं शटर खाली आलं. मग जिन्यावर आवाज: पाऊल, पाऊल, ठक. पाऊल, पाऊल, ठक. चौदा जण श्वास रोखून ऐकत होते. इतक्या आतुरतेने या माणसांनी आयुष्यात कुणाची वाट बघितली नसेल.

चष्मेवाली उंबऱ्यावर थांबली. काठी आत, पाय बाहेर.

"किती वाट बघितलीत?" तिने विचारलं.

"सव्वा तास," अध्यक्ष म्हणाले.

"मीही तेवढीच बघितली होती." आणि ती आत आली.

ताईने वहीत आकडा लिहिला. पंधरा. चिटणीसाने पेन उघडलं आणि समोर पाकीट नाही हे लक्षात येऊन गोंधळून गेला. चष्मेवाली म्हणाली, मी सांगते तसं लिहा. विषय एक, दोन महिन्यांपूर्वीच्या सभेच्या नोंदीत दुरुस्ती. त्या दिवशी हजर, एक. विरोधात, एक. बायकांचा तास बंद करण्याचा ठराव रद्द. विषय दोन, बायकांचा तास पुन्हा सुरू. विषय तीन, तलावात पाणी भरणे.

अध्यक्षांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पहिल्या विषयावर त्यांनी हात वर केला तो सूर मारताना करायचे तसाच, डोळे मिटून. पंधरा हात वर गेले. दुसऱ्यालाही पंधरा. तिसऱ्याला तर एकाने दोन्ही हात वर केले आणि ताईने त्याचा एक खाली घ्यायला लावला. चष्मेवालीने तिन्ही ठराव चष्मा लावून, शब्दन् शब्द वाचून, सही केली. खालून पंप सुरू झाल्याचा आवाज आला. पंपवाला जिन्याखालीच कान देऊन उभा होता.

खोलीत हवा आल्यासारखं झालं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. अध्यक्षांनी रुमालाने कपाळ पुसलं, उभे राहिले, आणि नुकताच घडलेला अपमान गिळून बऱ्यापैकी गोड आवाजात म्हणाले, आता सगळे आहोतच, तर विषय क्रमांक चार. तलावाचं नामकरण.

चष्मेवालीने काठी उचलली.

"विरोध करा हवा तर," अध्यक्ष घाईने म्हणाले. "तो तुमचा हक्क आहे. एक मत विरोधात, लिहू की आपण. फक्त बसा."

"विरोध कशाला करू?" ती म्हणाली. "माझं काही म्हणणंच नाही या विषयावर."

पाऊल, पाऊल, ठक. ती उंबऱ्याबाहेर गेली. चौदा जण तिच्या पाठीकडे बघत राहिले. ताईने वहीतला पंधराचा आकडा खोडला नाही. त्याखाली वेळ घातली आणि चौदा लिहिलं.

अध्यक्षांनी चिटणीसाकडे बघितलं. चिटणीस मान खाली घालून लिहीत होता. एकोणीस वर्षांत प्रथमच त्याच्यापुढे नक्कल करायला काही नव्हतं. हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं, आणि तो ते फार सावकाश, वळणदार अक्षरात काढत होता: 'विषय क्रमांक चार. गणसंख्येअभावी सभा तहकूब.' लिहून झाल्यावर त्याने ते वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

एकेक करून सगळे उतरले. खाली पाणी फरशीवर पसरत होतं, चप्पल तरंगायला लागली होती. हॉलमध्ये भाऊबहीण उरले. अध्यक्ष तिसऱ्या खुर्चीवर बसले आणि डावीकडे कलले.

"ताई," ते म्हणाले. "पाहुणे तर बोलावलेत. दगड राहू दे, निदान पोहून तरी दाखवतो. रविवारी तू तरी येशील ना?"

ताईने वही मिटली, पंखा बंद केला आणि चपला पायात सरकवल्या.

"गुच्छ पाठवीन," ती म्हणाली.